मायाप्पाचा बाप्तिस्मा लांबला

गिरणीच्या चाळीत मायाप्पाचं नाव निघालं की माणसं आवाज खाली आणत. गिरणीत मजूर भरणारा जॉबर दाखवील त्याला बडवायचं, हेच त्याचं काम. पण एकोणतीस सालच्या पटकीत त्याची बायको गेली, तेव्हा खांदा द्यायला भाऊबंदांतलं कुणी फिरकलं नाही. आला तो ख्रिस्ती वस्तीतला म्हातारा विणकर शिवयोगी. तेव्हापासून मायाप्पा दर आदितवारी ख्रिस्ती देवळात मागच्या बाकावर बसू लागला.

तिथलं त्याला सगळंच नवल. मूर्ती नाही, नैवेद्य नाही. उभं राहून गायचं, बसून वचन ऐकायचं. धर्मगुरू म्हणजे पाळक, पण तो एकटा काहीच ठरवत नसे. मंडळीनं निवडलेली जाणती माणसं, त्यांना वडील म्हणत, सोबत बसत. शिवयोगी त्यांतलाच एक. तो मायाप्पाकडून धर्माची प्रश्नोत्तरी घोकून घेई.

"आदी आपण चांगलं व्हायचं, मग देव पदरात घेतो. असंच की?" मायाप्पा विचारी.

"न्हाय बाबा. त्यो आदी घेतो. चांगलं व्हणं मागनं."

मायाप्पाला हे काही केल्या पटत नव्हतं.

बाप्तिस्म्याच्या दिवशी दुसरं गीत चाललं असताना त्याचा धाकटा भाऊ शिवशरण चौघांना घेऊन आत घुसला. हातात काठ्या.

"घराण्याला बट्टा लावतूस व्हय रं?"

शिवयोगी मधे पडला. काठी त्याच्या टाळक्यात बसली आणि म्हातारा रक्तबंबाळ होऊन बाकावर कोसळला. बायका पोरांना ओढत दाराकडे धावल्या. मायाप्पानं भावाची काठी हिसकली, त्याचा उजवा हात बाकाच्या कडेवर दाबला आणि घाव घातला. हाड कडकन मोडलं. शिवशरण गुरासारखा ओरडला. सोबतचे चौघे पळाले, तरी मायाप्पा मारतच राहिला. शेवटी पाळकानं त्याच्या कमरेला मिठी घातली.

"सोड, मरंल त्यो!"

चार दिवसांनी वडीलमंडळ बसलं. शिवयोगीही आला, डोक्याला फडकं बांधून.

"पस्तावा होतोय का?" पाळकानं विचारलं.

मायाप्पा म्हणाला, "हात मोडला त्याचं वाईट वाटतंय. पर मारताना लई गोड वाटलं. खोटं कसं बोलू? मला हाकला."

"हाकलायचं कुटं? खरं बोललास, हितंच थांब," शिवयोगी म्हणाला.

वडीलमंडळानं प्रार्थना करून ठरवलं: बाप्तिस्मा पुढं ढकलायचा, मायाप्पानं आधी भावाची माफी मागायची.

तोवर इस्पितळात शिवशरणचा हात कोपरापासून कापला होता. मायाप्पा माफी मागायला खाटेजवळ वाकला, तसा शिवशरणनं डाव्या हातानं पितळी तांब्या त्याच्या तोंडावर हाणला. भुवई फाटली. मायाप्पाच्या मुठी आवळल्या. तो भिंतीला टेकून श्वास घेत राहिला आणि तसाच परतला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. रोज जात राहिला. शिव्या खाल्ल्या, घाण काढली, भावाला कुशीवर वळवलं. जॉबरचं बोलावणं आलं, तर गेला नाही. जॉबरच्या माणसांचा मार खाऊन चाळ सोडली. इस्पितळातून घरी जाईपर्यंत शिवशरणनं माफ केलं नाही.

नाताळाच्या आदल्या आदितवारी वडीलमंडळाच्या होकारानं पाळकानं मायाप्पाच्या डोक्यावर पाणी घातलं. शिवशरणची बायको दाक्षायणी उपासना संपेपर्यंत फाटकाबाहेर उभी होती. तो बाहेर आला तशी म्हणाली, "भावजी, त्येंनी काल जेवताना तुमचं नाव काडलं. शिवी न्हवती."

आणि पदर सावरून ती निघून गेली.