बंबाशेजारची खुर्ची

माझ्या नळाच्या तोंडाशी एक थेंब जमतो. आधी तो सपाट असतो, मग खालून फुगत जातो, ज्वारीच्या दाण्याएवढा होतो आणि लोंबत राहतो. दालनात कुणी नसेल तर बराच वेळ तसाच टिकतो. कुणी जवळ आलं की लाकडी जमीन किंचित हलते आणि थेंब पडतो. त्यामुळे दिवे मालवलेले असले तरी जवळ कुणी आलं आहे हे मला कळतं. गेल्या हिवाळ्यात मात्र माणसं माझ्यासमोर स्थिर उभी असतानाही थेंब पडत राहिले. कारण समजायला मला वेळ लागला. माणसं थरथरत होती.

मित्रांनो, मी एक जुना बंब आहे. न्हाणीघरातला नव्हे. मी चहाच्या पाण्याचा, विजेवर चालणारा. वॉशिंग्टनच्या वेशीवर, मेरीलँडमधल्या एका उपनगरात ज्यू लोकांचं एक सिनेगॉग आहे. प्रार्थनागृहामागच्या दालनात, भिंतीलगतच्या टेबलावर माझी जागा आहे.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. पत्रा कापून, वाकवून, जोडून माझं पोट तयार झालं. तळाशी तापणारी तार बसली, पुढच्या बाजूला पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी लागली आणि शेवटी पितळी नळ आवळला गेला. बुटांचं दुकान चालवणाऱ्या हायमन सोलोवे यांनी मला आईच्या स्मरणार्थ सिनेगॉगला दिलं. तिच्या नावाची छोटी पाटी माझ्या छातीवर आहे. आमच्याकडे अशी पाटी नसलेली वस्तू सापडणं अवघड. छत्र्या ठेवायच्या स्टँडलाही कुणाचे तरी वडील आहेत.

माझं काम साधं आहे. शुक्रवारी सूर्य मावळण्याआधी मला भरतात आणि बटण दाबतात. एकदा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, लागला की शनिवारी संध्याकाळी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत मला कुणी बंद करत नाही की माझ्यात पाणी ओतत नाही. त्या वेळात लिहायचं नसतं, आणि काटेकोरपणे पाळणारे फोनलाही शिवत नाहीत. शुक्रवारी जेवढं भरलं, तेवढंच पुरवायचं.

माझ्याभोवती कप घेऊन उभी राहणारी माणसं बहुतेक सरकारी नोकर. कुणी हवामानाचे नकाशे करायचं, कुणी बियाणं तपासायचं, कुणी निवृत्त सैनिकांचे अर्ज निकालात काढायचं. "सरकारी नोकरी म्हणजे काय?" हायमनकाका विचारायचे, आणि उत्तरही तेच द्यायचे, "कंटाळा, पण जन्मभराच्या हमीसकट!" सगळे हसायचे. तेव्हा तो विनोद होता.

पुढे कॉफीचं नवं, चकचकीत यंत्र आलं आणि मी मागे सरकवला गेलो. माझ्या पाण्याला धातूची चव येते अशी तक्रारही सुरू झाली.

"याला आता भंगारात द्या," समितीतलं कुणीतरी म्हणालं.

"माझ्या आईला भंगारात?" हायमनकाका उसळले.

"आई नाही रे, बंब," बर्निसमावशी म्हणाल्या. स्वयंपाकघराचा कारभार त्यांच्याकडे आहे. "तुझ्या आईच्या चहाला तरी चव असायची."

तेव्हा तिर्झा वोल्मन पुढे आली. ती सरकारी प्रयोगशाळेत पिण्याचं पाणी तपासते. "थांबा जरा," ती म्हणाली. "फेकायच्या आधी तपासू तरी."

तिने सकाळी नळातून आलेलं पहिलं पाणी एका बाटलीत घेतलं. मग थोडं पाणी वाहू दिलं आणि दुसरी बाटली भरली. पहिल्या बाटलीत शिसं निघालं, दुसरीत जवळजवळ नाहीच. "दोष भांड्यात नाही, नळात आहे," तिने समितीला सांगितलं. "पितळ जुनं आहे. रात्रभर पाणी नळात थांबतं आणि शिसं त्यात उतरतं. नळ बदला. बंब राहू दे."

नवा नळ बसला, आणि असा मी वाचलो. त्यानंतर दर शुक्रवारी दुपारी तीच मला भरू लागली. सोबत तिची मुलगी नोमी असायची. नोमीला मधुमेह आहे. पोटावर लावलेलं एक छोटं यंत्र तिला दिवसभर इन्सुलिन देतं. तिचे वडील दुसऱ्या शहरात, दुसऱ्या संसारात असतात. तिच्या औषधांचा विमा आईच्या नोकरीवर चालतो.

मग तो हिवाळा आला. सरकारने आपल्याच नोकरांना घाऊक कामावरून काढायला सुरुवात केली.

कोट ठेवायची खोली माझ्या भिंतीपलीकडे आहे. सगळेच शब्बाथ काटेकोर पाळतात असं नाही. पुष्कळांचे फोन आवाज बंद करून कोटाच्या खिशात ठेवलेले असतात. एका शनिवारी प्रार्थना चालू असताना तिथे एक कोट गुणगुणला. मग दुसरा, मग तिसरा. थोड्याच वेळात ती सगळी खोली मोहोळासारखी घुमू लागली. प्रार्थनागृहात ते ऐकू जात नव्हतं. मला जात होतं. माझं पाणी उकळत होतं, तरी मला गार वाटलं.

प्रार्थना संपली. माणसं कोट आणायला गेली आणि परत आली ती निराळे चेहरे घेऊन. बियाणं तपासणारे लिओपोल्ड पर्लमन माझ्यासमोर उभे राहिले. त्यांनी कप धरला, पण नळ उघडलाच नाही.

"मला काढलं," ते म्हणाले. "काम बरोबर नाही म्हणे. अहो, माझं काम बघितलं कुणी? या डोक्यावरचे केस तिथेच गेले माझे."

त्यानंतर दर आठवड्याला कुणाचं ना कुणाचं ओळखपत्र कचेरीच्या दारावर चालेनासं झालं. ज्यांचं चालत होतं ते जास्त घाबरलेले असत. बोलताना दाराकडे पाठ करत. दार वाजलं की गप्प होत. कप अर्धाच भरत, कारण पूर्ण भरला तर हातावर सांडे. मीसुद्धा घाबरलो होतो. एकदा भंगाराच्या तोंडातून परत आलेल्याला ती भीती कुणी समजावून द्यावी लागत नाही.

बर्निसमावशींनी एक दिवस लाकडी खुर्ची ओढून आणली आणि माझ्या शेजारी ठेवली. आमच्या धर्मगुरू रिव्का फेल्ड तिथेच होत्या.

"रब्बाय," मावशींनी विचारलं, "शोकाच्या घरी गेल्यावर आपण काय करतो?"

"गप्प बसतो. ज्याचं दुःख, तो आधी बोलतो. तोवर आपण तोंड उघडायचं नाही."

"मग इथेही तेच. ज्याला बसावंसं वाटेल त्याने या खुर्चीत बसायचं. कुणी काही विचारायचं नाही. हायमन, तुला ऐकू आलं का?"

"मी काय बहिरा आहे?"

"बहिरा नाहीस. मुका नाहीस, हीच तर अडचण आहे."

पुढच्या शनिवारी हायमनकाकांनी वाडगाभर उकडलेली अंडी आणून माझ्या टेबलावर ठेवली. आमच्याकडे शोकाच्या घरी अंडी देतात. तिर्झा आत आली, तिने वाडगा पाहिला आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"कोण गेलं?"

"कुणी नाही," काका म्हणाले.

"मग अंडी कशाला?"

"नियम शोकाचा लावलाय ना हिने? शोक म्हटला की अंडी आलीच."

"अरे, नोकऱ्या गेल्यात, माणसं नाहीत!" मावशी म्हणाल्या.

"मग माणसांना भूक लागणारच की."

तिर्झा हसली. हसता हसता तिने खुर्चीचा हात धरला, आणि बसली. ती काहीच बोलली नाही. कुणी विचारलंही नाही.

हळूहळू इतर माणसं त्या खुर्चीत बसून बोलू लागली. पर्लमन बोलले. हवामानाचे नकाशे करणारी एक तरुण बाई बोलली, आणि बोलताना रडली. ऐकणारेही पुढे झाले. एका दंतवैद्याने सांगितलं, मुलांना पाठवा, दात मी बघीन. एका वकीलबाईंनी सल्ल्यासाठी रविवारची सकाळ देऊ केली. कुणी रिकामी खोली, कुणी सूप. शब्बाथला लिहायचं नसल्यामुळे मावशी सगळं डोक्यात साठवायच्या. "बरंच आहे," पर्लमन म्हणाले. "लिहिलेलं कुणाच्या हाती पडेल, आजकाल सांगता येत नाही."

एका शनिवारी प्रार्थनागृहाचं दार उघडं होतं, तेव्हा रब्बाय काय म्हणाल्या ते मी ऐकलं. "ज्याचा विमा जाईल, त्याच्या मुलांचं औषध या मंडळीने बघायचं. ज्याला मान्य असेल त्याने उभं राहावं." मग बाकं करकरण्याचा आवाज आला. तो बराच वेळ येत राहिला. तिर्झा तेव्हा माझ्यासमोर उभी होती. माझ्या नळाचे थेंब भराभर पडत होते. ही मदत किती दिवस पुरेल, हे उभं राहणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं, आणि तिलाही.

तिर्झा दर शनिवारी खुर्चीत बसे आणि न बोलता उठून जाई. पण शुक्रवारी दुपारी नोमी स्वयंपाकघरात कप आणायला गेली आणि दालनात कुणी नसलं की मला भरताना ती पुटपुटत असे. म्हणून मला ठाऊक होतं. प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना विचारलं गेलं होतं. स्वतःहून जा, तर सप्टेंबरपर्यंत पगार आणि विमा चालू राहील. थांबलात, तर कुठल्याही दिवशी काढू, आणि मग काही मिळणार नाही. "गेले तर सप्टेंबरनंतर काय?" ती माझ्या झाकणाला विचारायची. "आणि राहिले, अन् उद्याच काढलं तर?" एकदा ती म्हणाली, "सगळे गेले तर बाटल्या कोण उघडणार?" दोन्ही बाजूंनी विचार करायची आणि दोन्ही बाजूंना घाबरायची. तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, नोमीलाही नाही. उत्तर द्यायची शेवटची वेळ होती एका शनिवारची मध्यरात्र.

तो शनिवार उजाडला. तिर्झा शब्बाथ पाळते, म्हणजे तारे दिसेपर्यंत ती एक अक्षर लिहिणार नव्हती. दुपारनंतर बहुतेक लोक घरी जातात. त्या दिवशी कुणी गेलं नाही. कुणाला काही सांगितलेलं नव्हतं, पण तिचा चेहरा सगळ्यांनी पाहिला होता. खुर्च्या ओढून ती सगळी माझ्याभोवती बसली. नोमी अंडं सोलत होती. "यात साखर नसते," ती हायमनकाकांना समजावत होती. "अंडं मी कितीही खाऊ शकते."

"म्हणूनच आणतो मी," काका म्हणाले. ते खरं नव्हतं, पण त्या दिवसापासून झालं.

खिडकीबाहेरचा उजेड करडा होत गेला. माझ्या काचेच्या नळीतली पातळी तळाशी आली होती. जेमतेम एक कप पाणी उरलं होतं, आणि मला भरता येणार नव्हतं. पर्लमन कप घेऊन उठले, तेव्हा मावशींनी नुसता हात आडवा धरला. ते परत बसले.

भिंतीपलीकडे एक कोट गुणगुणला.

तो कुणाचाही असू शकत होता. महिन्याभरापूर्वी सगळी धावली असती. आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा थांबला. कुणी उठलं नाही.

हायमनकाकांनी तोंड उघडलं. मावशींनी त्यांच्या बुटावर बूट ठेवला. त्यांनी तोंड मिटलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या बंबाला उपदेश करायचा अधिकार किती, मला ठाऊक नाही. पण मी जे पाहिलं ते सांगतो. एखादी वस्तू बिघडली असं वाटलं, तर ती फेकण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते तपासा. पुष्कळदा नळ बदलला की भागतं. माणसांच्या बाबतीत तर अधिक जपून वागा. आणि कुणी घाबरलं असेल तर त्याला लगेच प्रश्न विचारू नका, सल्लाही देऊ नका. त्याच्याजवळ खुर्ची ओढा आणि बसा. भीती त्याने कमी होतेच असं नाही. त्या दिवशी माझीही झाली नाही. पण थरथरणारा हात एकटा राहत नाही.

मावशींनी शेवटचं पाणी कपात काढलं आणि तिर्झाला दिलं. तिने कप दोन्ही हातांनी धरला. मग तिचं लक्ष माझ्या नळाकडे गेलं. तिथे एक थेंब जमला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. तो फुगला, लोंबला, आणि तसाच राहिला.

"मावशी, मला फार भीती वाटतेय," ती म्हणाली.

"हो गं," मावशी म्हणाल्या. घाबरू नकोस, असं कुणीच म्हणालं नाही.

तिर्झाने नोमीकडे पाहिलं, मग एकेक करून सगळ्यांकडे.

"शाळांच्या नळांचं पाणी आलंय तपासायला," ती म्हणाली. "बाटल्या तशाच पडल्यात. त्यांना काढायचं असेल तर काढू देत मला. मी स्वतःहून जाणार नाही."