कृष्णातच्या खांद्यातला अंगारा

मुरगुडात कृष्णातच्या घरासमोर सकाळी आठलाच रांग लागलेली. प्रत्येकाच्या हातात चरवी, चरवीत म्हशीचं धारेचं दूध. आजाऱ्याला असं दूध पाजायचं ही आमच्या कोल्हापूरकडची रीतच. १९८८ सालची गोष्ट. आत कृष्णात उघड्या अंगानं पाटावर बसून धापा टाकत होता. त्याच्या खांद्यावरची लिंबाएवढी गाठ फुटून पांढरं, ओल्या खडूसारखं काही पाझरत होतं. कुठूनसे आलेले महाराज ते बोटानं टिपून भक्तांच्या कपाळाला लावत होते.

"अंगारा हाय ह्यो! द्येव अंगात उतरलाय. जितकं दूध पाजशीला तितका वाढंल!"

आणि तो खरंच वाढत होता! मी शाळेत विज्ञान शिकवतो, तरी हे कशानं होतंय ते मला कळेना. भीती कृष्णातच्या जिवाची वाटली. त्याची मूत्रपिंडं निकामी झालेली. आठवड्यातून दोनदा कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दवाखान्यात मशीनवर त्याचं रक्त शुद्ध करत. पण महाराजांचं फर्मान निघालं, "रगात धुतलं की द्येव जातोय." नऊ दिवस तो गेला नव्हता. पाय खांबासारखे सुजलेले.

"चिमणाबाई, पोराला दवाखान्यात न्या," मी त्याच्या आईला म्हणालो.

"द्येव रुसंल की, मास्तर!"

मी तडक कोल्हापूर गाठलं आणि त्याच्या डॉक्टर त्रिशलाबाईंना घेऊन आलो. त्यांनी सोबत आणलेला त्याचा जुना एक्स-रे खिडकीशी धरला. खांद्याच्या सांध्याभोवती पांढरा ढीग साचलेला दिसत होता.

"तारीख वाचा, मास्तर."

"बारा फेब्रुवारी."

"आणि महाराज कधी आले?"

"गुढीपाडव्याला की, मार्चात!" रांगेतून कुणीतरी म्हणालं.

"द्येव आधीच आलता, म्या वळखला," महाराज गुरगुरले.

"देव नव्हे, क्षार," बाई कडाडल्या. "दुधात फॉस्फरस असतो. निरोगी मूत्रपिंडं जादाचा बाहेर टाकतात, याची टाकत नाहीत. मग तो रक्तातल्या कॅल्शियमला धरून मांसात साचतो. तुम्ही दूध पाजताय, ते वाढतंय; आणि रक्त न धुतल्यानं पाणी आणि विष अंगात साठून हा मरतोय!"

रांगेतल्यांनी चरव्या खाली ठेवल्या. महाराज मागच्या दारानं सटकले. आम्ही कृष्णातला गाडीत घातलं. कोल्हापूरच्या वाटेवर कागल यायच्या आतच त्याचा श्वास थांबला.

"शेवटचा पेला मीच पाजलता की, मास्तर," चिमणाबाई म्हणाली. तिला रडूही फुटेना.

मला तिचा राग येत नाही. माझाच येतो. नऊ दिवस मी त्या घरावरून शाळेत जात होतो आणि लोक दुखावतील म्हणून गप्प होतो. शरीरातून काही विपरीत येऊ लागलं तर हात जोडू नका. हे काय आहे, कशानं झालं, ते विचारा. मोठ्यानं विचारा, आणि माणूस जिवंत आहे तोवर विचारा.