बाप विमानात असताना

मी एकतीस वर्षं फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या शाळेत गणित शिकवलं. त्यामुळे आपलं काही चुकतं असं मला सहसा वाटत नाही. व्हँकुव्हरच्या विमानतळावर त्या दिवशी वाटलं, म्हणून सांगते.

मनिलाहून निघाल्यापासून आर्नेल माझ्या शेजारी होता, मला 'तिता', म्हणजे मावशी, म्हणत. तिशीतला वेल्डर, हातांवर भाजल्याचे डाग. मी लेकीकडे कायमची राहायला निघाले होते, आणि तोही कायमचाच. त्याची बायको मिंदा आठव्या महिन्यात होती, डॉक्टरनं तिला विमानात बसू दिलं नव्हतं. एजंटानं बजावलं होतं, 'बाळ व्हायच्या आत तू कॅनडात उतर, कायम राहण्याचा शिक्का मारून घे. आधी झालं तर सगळी फाईल अडकेल.' अजून महिना हातात होता. त्यामुळे पठ्ठ्या निर्धास्त झोपला, माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरलासुद्धा.

उतरल्यावर त्यानं फोन सुरू केला आणि जागच्या जागी थांबला. मागचा माणूस त्याच्यावर आदळला.

"तिता, मुलगी झाली," तो म्हणाला. "तिकडे रात्री अकराला. दोघी बऱ्या आहेत. एवढीशी आहे, पावणेदोन किलोची."

मी त्याच्या गालावरून हात फिरवला आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. रात्री अकराला आम्ही समुद्रावर होतो. म्हणजे बाळ आधी आणि बाप नंतर!

नव्या रहिवाशांची रांग लांबलचक होती. तिथे उभ्या उभ्या मी गणित मांडलं.

"इकडे बघ. तिकडे मुलगी झाली तेव्हा तारीख कोणती होती?"

"नऊ जून."

"आणि इथे आत्ता?"

त्यानं घड्याळ पाहिलं. "नऊ जून. दुपारचा दीड."

"झालं तर! तारीख मागे टाकून आलोय आपण. कागदावर तू दुपारी उतरलास आणि पोरगी रात्री झाली. कुणाच्या बापाला सापडायचं नाही."

"आणि साहेबानं विचारलं तर?"

"घरात काही बदल झालाय का, एवढंच विचारतात. नाही म्हणायचं आणि तोंड मिटायचं."

"पण ती झालीय ना, तिता."

"झालीय रे गाढवा! पण सोमवारी विनिपेगला कामावर हजर व्हायचंय ना तुला? शिक्का लांबला की नोकरी गेली. मग पोरीला काय भरवशील, खरेपणा?"

त्यानं फोन खिशात टाकला. मला वाटलं, पटलं. खोटं उघडं पडलं तर ती मुलगी बापाच्या नावावर कधीच इकडे येऊ शकणार नाही, हे मला ठाऊक होतं. पण माझ्या गणितात खोटं उघडं पडायला जागाच नव्हती.

खिडकीशी पगडीवाला अधिकारी होता. मी पिवळ्या पट्टीमागे, दोन पावलांवर, कान टवकारून उभी राहिले.

"व्हिसा मिळाल्यापासून कुटुंबात काही बदल?"

आर्नेलनं पासपोर्ट पुढे सरकवला. मी मागून खोकले.

"हो साहेब," तो म्हणाला. "मुलगी झाली. मी विमानात असताना."

मी कपाळावर हात मारला.

अधिकाऱ्यानं जन्माची तारीख-वेळ विचारली, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. "तुम्ही सांगितलं नसतं तर कागदावरून मला कळलं नसतं. माहीत आहे?"

"माहीत आहे. माझ्या मागे गणिताच्या बाई उभ्या आहेत."

अधिकाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"मग सांगितलंत कशाला?"

"साहेब, ती जन्माला आलीय. तिच्याबद्दल पहिल्यांदाच कुणीतरी विचारतंय, आणि मी बाप असून सांगू, की ती नाही?"

मला तिथल्या तिथे शरम वाटली. एकतीस वर्षं मुलांना खोटं बोलू नका म्हणून छड्या मारणारी मी!

अधिकारी आत वरिष्ठांकडे गेला, पंधरा मिनिटांनी आला. "आज शिक्का मिळणार नाही. मुलीचा दाखला मागवा, तिची वैद्यकीय तपासणी करा. तोवर इथे राहता येईल, काम करता येणार नाही. दोन-तीन महिने धरून चाला."

आर्नेलचा चेहरा उतरला. "चालेल," तो हळूच म्हणाला.

"मुलीचं नाव?"

नाव कुठे ठेवलं होतं?

"नंतर कळवलंत तरी चालेल," अधिकारी म्हणाला.

"नको साहेब, आत्ताच लिहा." त्यानं डोळे मिटले. "आर्मिंदा."

थोडं स्वतःचं, बाकी बायकोचं. आमच्याकडे अशीच ठेवतात. कागद छापून आला तेव्हा त्यावर तीन नावं होती. आर्नेलनं शेवटच्या नावावरून बोट फिरवलं.

मग माझी पाळी आली. तोच प्रश्न. मी नाही म्हटलं, आणि ते खरं असूनही माझा आवाज कापला.

सामानाच्या पट्ट्यापाशी त्यानं मिंदाला फोन लावला. त्याला बॅगा उतरवायच्या होत्या, म्हणून फोन मीच धरला. त्यानं एका दमात सगळं सांगून टाकलं: शिक्का नाही, काम नाही, दोन-तीन महिने. आता बसणार याला बोलणी, असं माझ्या मनात आलं. पलीकडून बाळाचं बारीक कुईकुई ऐकू येत होतं.

"ते राहू दे," मिंदा म्हणाली. आवाज अगदी दमलेला. "तिला लिहून घेतलं का?"

"घेतलं. आर्मिंदा म्हणून."

"आर्मिंदा," तिनं म्हणून पाहिलं. मग तिचा आवाज फोनपासून दूर गेला. "ऐकलंस का गं, आर्मिंदा? तिकडे तुझं नाव लागलं."