खरखर गेल्यानंतर

मी एक जुने पेडल आहे. सायकलचे नव्हे, आवाजाचे. विजेवर वाजणाऱ्या गिटारची वायर माझ्या एका कुशीतून आत शिरते आणि दुसऱ्या कुशीतून स्पीकरकडे जाते. मध्ये मी. टाच दाबली की आवाज बंद, चवडा दाबला की आवाज पूर्ण. एवढेच माझे काम.

मित्रांनो, आपली कहाणी जन्मापासून सांगायची रीत आहे. पण माझा जन्म

ऐकू आले नाही ना? माफ करा. माझ्या पोटात एक काळा पट्टा असतो आणि त्यावरून पितळेचे एक बोट फिरते. पट्टा जिथे झिजतो तिथे आवाज तुटतो. आठवणींचेही तसेच होत असावे. तर जन्म राहू द्या. मामांच्या पायाखाली आले तिथून सांगते.

मामा शिंपी होते; सगळे त्यांना मामाच म्हणत. दिवसभर त्यांचा पाय शिलाई मशीनवर असे आणि संध्याकाळी माझ्यावर. त्यांची गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवायची होती. डाव्या हातातली पोलादी कांडी ते तारांवरून सरकवत. पण खरी गंमत पायात होती. आधी मला बंद करायचे, मग तार छेडायची. छेडल्याचा 'टण्' कोणालाच ऐकू जात नसे. मग चवडा हळूहळू खाली, इतका हळू की मलासुद्धा कळू नये. सूर असा यायचा, जणू कोणी शेजारच्या खोलीतून गुणगुणत दारापर्यंत आले आहे. नवे लोक इकडेतिकडे बघत. कोण गातंय म्हणून विचारत.

ऑर्केस्ट्रात आम्ही बावीस वर्षे काढली. मागच्या रांगेत, पडद्याला टेकून. टाळ्या गाणाऱ्यांना मिळत. मामांना त्याचे काही नव्हते. टाळ्या वाजवून कपडे शिवून होत नाहीत, असे ते म्हणायचे.

एका सकाळी शिलाई मशीन मध्येच थांबले. स्वयंपाकघरातून मामींनी विचारले, दोरा तुटला का? दोरा तुटला नव्हता. मामांचा उजवा पाय थांबला होता.

डॉक्टर म्हणाले, अर्धांगाचा झटका आहे, पण सौम्य आहे, व्यायाम करा. मामांनी व्यायाम माझ्यावरच केला. वायर न जोडता, खुर्चीत बसून, टाच, चवडा, टाच, चवडा, दिवसाला हजार वेळा. मामी भाजी निवडता निवडता मोजायच्या आणि मुद्दाम चुकायच्या, म्हणजे शंभर जास्त होतील. सात महिन्यांनी त्यांनी वायर जोडली. तार छेडली. चवडा खाली गेला आणि सूर दारापर्यंत आला. मामींनी गॅस बंद केला आणि पदराला हात पुसत बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

"आला," मामा म्हणाले. "पाय आला."

माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला दिवस कोणता म्हणाल, तर तो.

पण त्या व्यायामाने माझा पट्टा झिजला. सूर वर जाताना खर्र, खाली येताना खर्र. मित्रांनो, खरखर हीच माझी जीभ होती. मला काही दुखले तर तेवढेच बोलता येत होते आणि ते लगेच ऐकले गेले. मामांनी मला पिशवीत घालून रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे नेले. त्याने आधी आत औषध फवारले. पंधरा दिवस बरे गेले. मग पुन्हा खर्र. तेव्हा त्याने मला पूर्ण उघडले, पट्ट्याचा डबा बाहेर काढला आणि दिव्यापुढे धरला.

"मामा, याची तर चाळण झालीये. बदलू या."

तो प्रामाणिक माणूस होता, हे मी शपथेवर सांगेन. त्याने खण धुंडाळला, तोच आकडा छापलेला नवा डबा शोधला, डबा फिरवणाऱ्या दोरीचे दोन वेढे नीट घातले, स्प्रिंग ताणली. मला दाबून, कान लावून पाहिले. खरखर नव्हती. तो हसला, मामाही हसले. मी तर चकचकीत पुसले गेले होते.

चूक तिथेच झाली.

या डब्यांवरचा आकडा एक असला तरी जाती दोन असतात. माझा जुना पट्टा सुरुवातीला अगदी थोडा आवाज सोडायचा आणि मग वाढवत न्यायचा. माणसाच्या कानाला तीच वाढ सरळ वाटते. नवा पट्टा पहिल्या बोटभर वाटेतच आवाज ओतून मोकळा होत होता. पुढची सगळी वाट नुसती पायाची हालचाल. माझ्यात खरखर नव्हती, धूळ नव्हती. कसलीच तक्रार नव्हती.

त्या संध्याकाळी तालीम होती. मामांनी तार छेडली, चवडा केसभर हलवला आणि सूर भसकन बाहेर पडला.

"मामा, गाडी सुटतेय का तुमची?" ड्रमवाला म्हणाला. सगळे हसले. मामाही हसले. पुन्हा तेच झाले. तिसऱ्यांदा कोणी हसले नाही. तिसऱ्यांदा न हसणे फार वाईट असते.

घरी आल्यावर

पुन्हा. भसकन.
पुन्हा. भसकन.
पुन्हा.

दुरुस्त करणाऱ्याने मला नुकतेच तपासून दिले होते. आजारी पडलेला होता तो पाय. मग शंका कोणावर यावी?

"पाय गेला गं," मामा म्हणाले.

मामी त्यांच्याजवळ जमिनीवर बसल्या. त्यांना जे सुचले ते त्या मायेने बोलल्या. "जाऊ दे हो. खूप वाजवलंत. आता वय झालं."

पाय गेला नाही, पाय गेला नाही, असे मी ओरडत होते. पण माझी जीभ दुरुस्त झाली होती.

मामांनी ऑर्केस्ट्राला निरोप पाठवला, दुसरा कोणी बघा. गिटारवर चादर पडली. मी जड होते म्हणून मला दाराला टेकवून ठेवले, वाऱ्याने आपटू नये म्हणून. पायच गेला म्हटल्यावर मामांनी व्यायाम सोडला. मग मशीन सोडले. मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाणेही. दीड वर्ष मी दारातून ती खुर्ची पाहत होते. खुर्चीतला पाय बारीक होत गेला.

शेवटी गिटार विकायचे ठरले. एक संगीतशिक्षिका बघायला आल्या. त्या ऑर्गन वाजवायच्या, त्यामुळे पायाने आवाज सांभाळणे त्यांना अंगवळणी पडलेले. मामींनी मला दारातून उचलून त्यांच्यापुढे ठेवले. मामा खिडकीकडे तोंड करून बसले होते. बाईंनी तार छेडली, चवडा जेमतेम हलवला.

भसकन.

मामांनी मान वळवली.

"पुन्हा दाबा बरं."

भसकन.

"तुमचा पाय बरा आहे ना?" मामांनी विचारले.

बाईंना प्रश्नच कळला नाही. "माझ्या पायाला काय झालंय? या पेडलमध्ये चुकीच्या जातीचा डबा, म्हणजे कंट्रोल, बसवलाय कोणीतरी. माझ्याकडे बरोबरचा आहे, उद्या घालून देते." मग खोलीतल्या दोघांचे चेहरे पाहून त्या थांबल्या. "का हो? काय झालं?"

मामी पाणी आणते म्हणून आत गेल्या. नळ बराच वेळ वाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला तिथेच उघडले आणि बरोबर जातीचा डबा बसवला. मग न विचारता मला मामांच्या खुर्चीपुढे ठेवले आणि गिटार त्यांच्या मांडीवर दिली. मामांनी तार छेडली. मी तयार होते. दीड वर्षात पहिल्यांदा मी खरे होते. चवडा खाली येऊ लागला आणि सूर हळूच निघाला. पण सरळ नाही. थरथरत. पाय कापत होता आणि माझ्यात आता असे काहीच नव्हते, जे त्या कापण्यावर पांघरूण घालेल. मामींनी वाकून घोट्याला आधार दिला. तरीही सूर कापत राहिला.

मामांनी कांडी खाली ठेवली.

"आता मात्र पायच आहे," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. कापडाचे माप सांगावे तसे सांगितले. आणि बाईंना म्हणाले, घेऊन जा.

आता मी बाईंच्या वर्गात असते. पुष्कळ पाय येतात, धसमुसळे, घाबरट, अनवाणी. मला झटकतात, पुसतात, कौतुक करतात. माझे बरे चालले आहे, आणि तेच मला सहन होत नाही.

मित्रांनो, वस्तू जपा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी थोडे वेगळे मागते. जी वस्तू खरखरते तिची दुरुस्ती होतेच. जी गप्प राहून चुकते, तिच्यावर कोणी संशय घेत नाही. संशय माणसावर जातो आणि बिचारा माणूस तो मान्य करतो. तुमच्या घरात कोणी म्हणाले, माझा हात गेला, माझे डोळे गेले, मला आता जमत नाही, तर लगेच समजूत घालू नका. आधी त्यांच्या हातातली, डोळ्यांवरची, पायाखालची वस्तू मागून घ्या. स्वतः वापरून बघा. उघडून बघा.

चार स्क्रू असतात. दहा मिनिटे लागतात.