भागोजीच्या राहिलेल्या सुया

शिमग्याची पालखी देवळात परत गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुळसा पडवीत कुळीथ पाखडत होती, तिची सासू हौसा खळ्यात कोंबड्यांवर ओरडत होती, आणि मुंबईच्या गिरणीतून सणाला आलेला तुळसाचा नवरा भागोजी एका बाटलीत डोकावून पाहत होता. बाटलीत खोबरेल होते. खोबरेलात रबराची एक पिशवी होती.

जगबुडी नदीच्या काठच्या त्या गावात जी वस्तू टिकवायची तिला खोबरेल लावतात. कोयतीला लावतात, दाराच्या कडीला लावतात, पोराच्या टाळूला लावतात. भागोजीने ते पिशवीला लावले, आणि दर वेळी धुऊन तेलात बुडवून ठेवली, म्हणजे पुढच्या शिमग्यापर्यंत चालावी. पाचव्या खेपेला ती भिजलेल्या पापडासारखी फाटली.

तुळसाला त्या पिशवीचे मोठे कौतुक होते. दुसऱ्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली, तेव्हा खेडच्या दवाखान्यातल्या नर्स आनंदीबाईंनी बजावले होते, की तीन वर्षे पोट राहू द्यायचे नाही. नवऱ्याने ते ध्यानात ठेवून मुंबईहून ही हिकमत आणली, असे तिने शेजारणीलासुद्धा सांगून टाकले होते.

भागोजीने हिकमत आणली होती खरी, पण कारण वेगळे होते. त्याला गरमीचा गुप्तरोग जडला होता. मुंबईच्या डॉक्टरने बारा सुया सांगितल्या. सहाव्या सुईला चट्टा गेला, आणि चट्टा गेला म्हणजे रोग गेला, असे स्वतःच ठरवून भागोजीने उरलेल्या सुया डॉक्टरकडेच ठेवल्या. "सुया पुऱ्या होईपर्यंत बायकोजवळ जाऊ नकोस. राहवलंच नाही तर ही पिशवी वापर. आणि फाटली तर लाज न धरता दोघंही दवाखाना गाठा," असे डॉक्टर म्हणाले होते. तीन वाक्यांपैकी भागोजीने मधले लक्षात ठेवले.

"फाटली काय वो?" तुळसाने हळूच विचारले.

"गप ऱ्हव."

"मंग खेडास जाऊन आनंदीबायना इचारू काय?"

"काय इचारशील? असल्या गोष्टी परक्या बाईला सांगतात? लाज हाय काय गो जरा?"

तिसऱ्या दिवशी तो दाभोळला जाऊन बोटीत बसला. पत्र्याची पेटी नेली, आंब्याचे लोणचे नेले, फक्त लाज तेवढी बायकोकडे ठेवून गेला.

वैशाखात तुळसाची दुसरी पाळी चुकली. त्याआधी अंगावर एक फोड येऊन गेला होता. आता तळहातांवर तांबूस ठिपके उठले. भाकरी थापताना ते हौसाने पाहिले आणि परात खसकन ओढून घेतली. त्या दिवसापासून तुळसाला जेवण गोठ्याच्या दारात, करवंटीत. घरात गाईला पितळेची घमेली होती.

"प्वाट कुनाचं हाय?" हौसाने विचारले.

"तुमच्या लेकाचं, आत्ये. आनि कुनाचं असनार?"

"त्यानं तर बंदोबस्त केलान व्हता. तूच गावभर सांगत व्हतीस."

"बंदोबस्त फाटला ना."

"बरा फाटला! आनि हातावर ह्ये काय? माज्या घरात असला रोग कवा आला नाय."

गावात रोग बाहेरून येतो आणि बाईच्या अंगानेच येतो, याबद्दल कोणालाच शंका नव्हती. बाहेर जाऊन येतात ते बापये, हा हिशेब करायला कोणाला सवड नव्हती. गावचे पुढारी, गावकर केरू, यांनी भागोजीला पत्र लिहून धाडले. उत्तर आले, ते शाळेच्या राजाभाऊ मास्तरांनी केरूंच्या ओटीवर चारचौघांत वाचून दाखवले. तुळसा खाली अंगणात उभी होती.

"तीर्थरूप आईस शिरसाष्टांग. मी पिशवी वापरली होती, सबब पोट माझे नव्हे. रोगही माझा नव्हे, कारण मला झाला होता तो सहा सुयांत बरा झाला. उरलेल्या सहाची मला गरज वाटली नाही. तरी गावकरांनी देवाला कौल लावून काय तो निकाल करावा."

मास्तरांनी सुयांचे वाक्य दोनदा वाचले, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. मास्तर शिकलेले होते. सुया कशाच्या ते त्यांना कळले होते. पण शाळेची इमारत केरूंच्या जागेत होती, म्हणून ते खोकले आणि कागदाची घडी केली.

"पोरगा सरळ हाय," केरू म्हणाले. "काय दडवलान नाय. सोमवारी कौल लावू."

कौल म्हणजे असे: गुरव ओल्या कळ्या देवाच्या पाषाणाला चिकटवतो आणि प्रश्न घालतो. उजवी कळी पडली तर बाई खरी, डावी पडली तर खोटी. गाभाऱ्यात त्या वेळी वारा असला तर तो देवाचाच समजतात.

सोमवारी देवळात निम्मे गाव जमले. काही जण गूळ-पोहे खातच आले होते. ज्या गोष्टीचे नाव तोंडाने घ्यायचे नाही ती ऐकायला म्हाताऱ्या पुढे सरकून बसल्या. तुळसाला ओल्या लुगड्याने उभे केले. ठिपके दिसावेत म्हणून हात पुढे करायला लावले, आणि ज्याने त्याने ते पाहून तोंड वाकडे करून घेतले. काहींनी दोनदा पाहिले.

गुरवाने कळ्या लावल्या. "म्हाराजा, ही बाय..."

"थांबा वो गुरवानू," तुळसा म्हणाली. "आधी दुसरा सवाल घाला. माजा घोव मुंबयत सुया कशाच्या टोचून घेत व्हता?"

देवळात पोह्यांचा आवाज बंद झाला.

"असला सवाल देवाला घालीत नाय," गुरव म्हणाला.

"कशापायी?"

गुरवाने केरूंकडे पाहिले. केरूंनी छताकडे पाहिले. "बाप्याचा कौल नसतो गो," केरू शेवटी म्हणाले. "देवाला बरा दिसत नाय."

"माजं हात बगायला देवाला बरा दिसतां, आनि त्येचा रोग बगायला लाज वाटते? मंग मी हितं उभी ऱ्हत नाय. मी दवाखान्यात जातंय."

कळ्या तशाच चिकटलेल्या राहिल्या. कुठली पडते हे पाहायला कोणी थांबले नाही; सगळे ओल्या लुगड्यातल्या बाईमागे शिव्या देत देवळाबाहेर आले. सर्वांत पुढे हौसा. सुनेला झिंज्या धरून परत आणीन म्हणून ती निघाली, पण तुळसाचे पाय तरुण होते. दोन कोस चालून हौसा पोचली, तेव्हा सून आनंदीबाईंसमोर बाकावर बसलेली होती.

आनंदीबाईंनी ठिपके पाहिले आणि तोंड वाकडे केले नाही. डॉक्टरांनी रक्त घेतले. तुळसाने खोबरेलाच्या बाटलीपासून मुंबईच्या सुयांपर्यंत सगळे सांगून टाकले.

"रबराला तेल चालत नाही गं," आनंदीबाई म्हणाल्या. "खोबरेलाने ते कुजतं. नुसतं पाण्याने धुवायचं आणि कोरडं ठेवायचं. आणि फाटलं त्याच दिवशी इथे यायचं होतंस."

"आले असते तर प्वाट ऱ्हवलं नसतं?"

"ते मी खात्रीने सांगत नाही. पोट पाडायला गावठी पाले-मुळ्या खाऊन मरणाऱ्या बायका मी पाहिल्यात. पण रोगाला तिथेच गाठलं असतं. अजूनही उशीर झालेला नाही. दर आठवड्याला सुई घेतलीस, एकही चुकवली नाहीस, तर तू बरी होशील आणि पोरही वाचेल. नाही घेतलीस तर ते पोटातच मरतं. अंगाची कातडी सोललेली, असं पडतं. आणि ऐक, नवऱ्याच्या सुया पुऱ्या झाल्याचा कागद पाहिल्याशिवाय त्याला जवळ येऊ द्यायचं नाही. नाहीतर आपलं सगळं वाया."

दारात उभी असलेली हौसा खाली बसली. झिंज्यांची गोष्ट तिने काढली नाही. त्या दिवसापासून तुळसाचे जेवण गोठ्यातून घरात आले. त्याचे कारण कोणी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही.

तुळसाने पावसातसुद्धा एक आठवडा चुकवला नाही. गणपतीला भागोजी आला. लुगडे आणले होते, बुंदी आणली होती, आणि पोट माझे नव्हे हे पत्र आपण लिहिले होते ते विसरूनही आला होता.

"कागद आनलात काय?" तुळसा उंबऱ्यात उभी राहिली.

"कसला कागद?"

"बारा सुयांचा."

"घरात घे की आधी! नवरा हाय मी तुजा!"

"त्येचाच तर वांदा हाय."

भागोजीने हात उगारला. तेवढ्यात आतून हौसाने त्याची वळकटी आणून पडवीत टाकली. "कागद येईपरेंत हितं," ती म्हणाली. सणाचे पाच दिवस त्याने पडवीत काढले. सहाव्या दिवशी, दुखरी मान चोळत, तो तुळसाच्या मागोमाग खेडला सुई घ्यायला निघाला. वाटेवर केरू उभे होते. बायल पुढे आणि बाप्या मागे, हे पाहून ते रस्त्यावर थुंकले. या सगळ्या प्रकरणात गावाला भागोजीची किळस आली ती एवढ्याचसाठी.

मार्गशीर्षात तुळसाला मुलगी झाली. आल्या आल्या अशी रडली, की शेजारच्या घरातले कुत्रे भुंकले. आनंदीबाईंनी तिला उलटून सुलटून पाहिले, तळहात पाहिले, तळपाय पाहिले. कातडी तांबडी, ताजी आणि सबंध होती.

हौसा घंगाळात ऊन पाणी ओतत होती. ओतता ओतता थांबली.

"बाय, येक इचारू? माजी चार गेली. भागोजीच्या आधी दोन, मागनं दोन. कातडी सोललेलीच. ह्येचा बापूस पन मुंबयतच व्हता."

आनंदीबाईंनी मुलीला पंच्यात गुंडाळून उराशी घेतले.

"चार येळा कौल लावलानी," हौसा म्हणाली. "चार येळा डावी कळी. मी तीस वरसं समजून व्हते, मीच खाल्ली माजी पोरां."

मुलगी रडत होती. पाणी निवत चालले होते. आनंदीबाईंनी तिला हौसाच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आंघोळ तुम्ही घाला."