टीव्हीवरची शून्यं

मेलेला माणूस बोलतो, याचा पुरावा माझ्या मावशीच्या दिवाणखान्यात होता. फक्त त्याचा आधी प्लग लावावा लागे.

वारलेल्या काकांचा चाळीस वर्षांपूर्वीचा घरगुती कॉम्प्युटर टीव्हीला जोडलेला होता. भोवती तीस माणसं, चपला थेट जिन्यापर्यंत. मावशीच्या मांडीवर हृदयाच्या ऑपरेशनचा संमतीचा कागद, सहीशिवाय. ऑपरेशन उद्या सकाळी. झडप आणखी आठवडाभर टिकणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

काकांचा आत्मा यंत्रातून बोलतो असं सांगणाऱ्या महाराजांनी बटण दाबलं आणि वीस मिनिटं जप केला. मग डोळे मिटून विचारलं, "आत्म्या, हिने छातीवर सुरी चालवून घ्यावी का?"

रिकामा निळा पडदा थरथरला आणि काठोकाठ शून्यांनी भरला.

"शून्य! म्हणजे नको!" महाराज गरजले. मावशीने पेन खाली ठेवलं.

मी बोलावलेल्या दुरुस्तीवाल्या बाई तेवढ्यात पुढे झाल्या. "मीही एक विचारते हं. काका, दोन आणि दोन चारच ना?"

शून्यं जागची हलली नाहीत.

"आत्म्याची थट्टा करता?"

"छे हो. गणित जरा कच्चं वाटलं."

त्यांनी झाकण काढलं आणि ओळीतल्या आठ चिपांवर एकेक करून बोट टेकवलं. पाचव्या चिपवर हात झटकन मागे आला. तेवढ्या एकीवर त्यांनी गार फवारा मारला. पडद्यावरची शून्यं पुसली गेली.

"आत्म्याला थंडी सोसत नाही," महाराज पुटपुटले. मागून कोणीतरी फिसकन हसलं.

"मावशी," बाई म्हणाल्या, "हे यंत्र रिकामी जागासुद्धा आकड्यात लिहून ठेवतं. त्या आकड्याचे आठ तुकडे, दर चिपकडे एक. ही चिप तापली की तिचा तुकडा चुकतो आणि रिकाम्या जागी शून्य उमटतं. प्रश्न कुठलाही असो. तापायला लागतात वीस मिनिटं. म्हणून जपही तेवढाच."

"पहिल्यांदा शून्यं आली तेव्हा महाराज इथेच बसले होते," मावशी सावकाश म्हणाली. "मनगटावरचं घड्याळ बघत." मग तिने रिकाम्या पडद्याकडे पाहिलं. "म्हणजे हे माझ्याशी बोललेच नाहीत?"

"नाही, मावशी," बाई म्हणाल्या.



"जिवंतपणीसुद्धा याच्यासमोर बसले की बोलत नसत मेले," ती म्हणाली आणि पेन उचललं.

सांगायचं एवढंच: चमत्कारासमोर हात जोडण्याआधी त्याचं झाकण उघडून बघा, आणि हृदयाचं काय ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन चार तास चाललं. झडप नीट बसली. बाहेरच्या बाकावर मी आणि दुरुस्तीवाल्या बाई होतो. तीस भक्तांपैकी कोणी आलं नव्हतं.