उद्यापन न झालेली जर्सी

मी जर्सी बोलतेय. निळ्या रंगाची, छातीवर आणि पाठीवर पांढरा अठ्ठावीस आकडा असलेली. माझी कहाणी लहानच आहे. सुखाची आहे असं म्हणवत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म कुठल्याशा उष्ण देशातल्या कारखान्यात झाला. गावाचं नाव मला कुणी सांगितलं नाही. एका बाईनं माझे आकडे शिवले, एवढं आठवतं. तिच्या गळ्यात तिच्या देवीची छोटी चकती होती. वाकून शिवताना ती चकती मशीनवर टकटक वाजायची, आणि प्रत्येक जर्सी संपली की ती बाई चकतीला बोट लावून पुढची उचलायची. तिची देवी कोण ते मला कळलं नाही, पण भक्ती कुठल्याही मुलखात ओळखू येते.

तिथून जहाजानं, मग ट्रकनं मी अमेरिकेत आले, आणि सांता क्लारातल्या एका दुमजली घरात पोचले. घर विनयचं, त्याच्या बायकोचं नीलांबरीचं, आणि त्यांच्या लेकीचं, आरोहीचं. विनय मूळचा नागपूरचा. शिकायला तो इथल्या एका थंडगार राज्यात आला होता, आणि त्या गावची फुटबॉल टीम त्यानं तेव्हापासून मनात धरली होती. नोकरीनं त्याला कॅलिफोर्नियात आणलं, पण टीम काही सुटली नाही. माहेरच्या देवासारखी.

इथला फुटबॉल हातात घेऊन पळायचा. त्यात रनिंग बॅक म्हणून एक खेळाडू असतो. त्याचं काम सगळ्यात जिवावरचं. लेकराला पदराखाली घ्यावं तसा तो चेंडू पोटाशी धरतो आणि समोरून धावून येणाऱ्या आडदांड माणसांच्या गर्दीत घुसतो. पडतो, उठतो, पुन्हा घुसतो. आमच्या टीमचा रनिंग बॅक म्हणजे अठ्ठावीस नंबर. त्याला एक चांगलं नाव होतं, पण घरात सगळे त्याला अठ्ठावीसच म्हणत.

सामन्याच्या दिवशी विनय मला घालायचा, आणि टीम जिंकत असली की मला धुऊ द्यायचा नाही. नीलांबरी नाकाला पदर लावल्यासारखं करायची.

“माझ्या सोवळ्याला हसता ना तुम्ही? मग हे काय आहे?”

“हे वेगळं. हे सायन्स आहे,” विनय म्हणायचा.

“घामाचं सायन्स,” ती म्हणायची, आणि मला चिमटीत धरून खुंटीला लावायची. ते दिवस बरे होते.

आरोहीही पळायची. तिच्या शाळेत मुलींचा फ्लॅग फुटबॉल होता. त्यात कुणी कुणाला पाडत नाही. कमरेला लावलेली पट्टी ओढली की झालं. आरोहीची पट्टी सहसा कुणाच्या हाताला लागायची नाही. पण ऑक्टोबरात एका सामन्यात, आसपास कुणीही नसताना, वळता वळता तिचा पाय जमिनीत अडकला आणि उजवा गुडघा आतल्या आत फिरला. लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं. पोर उशीवर पाय ठेवून सोफ्यावर पडून राहू लागली.

त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी टीव्हीवर अठ्ठावीस पडला. त्याचाही गुडघा, तोही उजवाच. तो गवतावर पडून डोळ्यांवर हात घेऊन होता. इकडे सोफ्यावर आरोही एकदम ताठ झाली. “बाबा, सेम नी,” ती म्हणाली.

विनयनं तिच्या केसांवरून हात फिरवला. “मग झालं तर. आता तो जसा उठेल ना, तशी तूही उठशील. तो परत धावला की समज, तू धावलीस.”

मायेनंच म्हणाला तो. मी त्याच्या अंगावर होते, मला त्याची छाती कळते. पण काही वाक्यं बोलणाऱ्याच्या तोंडून निघतात आणि ऐकणाऱ्याच्या मनगटाला दोऱ्यासारखी बांधली जातात.

त्यापुढं आरोही नेमानं व्यायाम करू लागली. फोनवर अठ्ठावीसचे व्हिडिओ लावायची. तो दवाखान्यातल्या बाकावर पाय उचलतोय, तर हीही उचलतेय. तो घामेजला की ही खुश. “ही इज बेंडिंग इट मोर दॅन मी, आई,” अशी तक्रारही करायची.

नीलांबरीनं लेकीसाठी दत्ताचे गुरुवार धरले होते. एका गुरुवारी तिनं संकल्पात अठ्ठावीसचंही नाव घेतलं. त्याचं गोत्र काय म्हणावं, म्हणून घटकाभर थांबली. मग, ज्याचं गोत्र ठाऊक नाही त्याला काश्यप म्हणतात, तसं म्हणून तिनं पाणी सोडलं. आरोही खूप दिवसांनी पोट धरून हसली.

एप्रिल उजाडला. एप्रिलच्या शेवटी इथं ड्राफ्ट होतो. आपल्याकडचा वधूवर मेळावा डोळ्यांसमोर आणा. कॉलेजातली उत्तमोत्तम मुलं, त्यांची उंची, वजन, वेग सगळं मांडलेलं, आणि एकेक टीम पाळीपाळीनं आपला मुलगा निवडते. तो दिवस गुरुवारच होता. विनयबरोबर शिकलेले दोघं घरी आले होते, शंतनू आणि हर्षिता. पाच वाजले होते, बाहेर लख्ख ऊन होतं. टेबलावर चिप्स होते, मिसळ होती. नीलांबरीचा उपास, ती स्वयंपाकघरात सगळ्यांसाठी कांदा चिरत होती. विनयनं मला अंगात घातलं होतं.

“लाइन घ्या रे, लाइन,” शंतनू टीव्हीला सांगत होता. “आपले समोरचे अडवणारेच कच्चे आहेत. दुसरं काही घेतलं तर मी ही टीम सोडली.”

“तू दर वर्षी सोडतोस,” हर्षिता म्हणाली. “एकदा सोडून दाखव ना.”

आमच्या टीमची पाळी आली. सुटातला माणूस मंचावर आला, त्यानं चिठ्ठी वाचली. एकवीस वर्षांचा मुलगा होता. रनिंग बॅक.

“यार, पहिल्याच राउंडला रनिंग बॅक?” शंतनूनं कपाळाला हात लावला. “आपल्याकडे आहे ना एक.”

“आहे कुठे? गुडघा धरून बसलाय तो,” हर्षिता म्हणाली. “थांब, याचे हायलाइट्स दाखवतायत. बघ तर.”

त्यांनी पाहिलं. मुलगा खरंच वाऱ्यासारखा होता. मंचावर त्याची आई त्याला मिठी मारून रडत होती. मलाही तिच्याकडे बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? त्या लेकरानं कुणाचं काय वाईट केलं होतं? बघता बघता शंतनूचा हात कपाळावरून खाली आला. दुसऱ्या धावेला तो पुढं सरकला. तिसऱ्या धावेला उभाच राहिला.

“अरे हा तर राक्षस आहे.”

“मग? सांगतेय काय मी.”

“मग अठ्ठावीसचं काय?” शंतनूनं विचारलं.

आणि विनय, जो हंगामभर मला धुऊ देत नव्हता तो विनय, खुशीत मांडीवर थाप मारून म्हणाला, “त्याचं काय? गुडघा गेलेला रनिंग बॅक कुणी ठेवतं का? तो संपला.”

मी त्याच्या छातीवर होते. त्या छातीत वाईट काहीच नव्हतं. नुसता आनंद होता. म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

“जर्सी जाळायची का मग? लोक जाळतात,” शंतनू हसत म्हणाला. विनयनंही हसत मला डोक्यावरून काढलं आणि सोफ्याच्या हातावर टाकलं. तिथं पडल्या पडल्या मला जिना दिसला. जिन्याच्या मधल्या पायरीवर आरोही बसली होती. गुडघ्यावर बर्फाची पिशवी होती. ती टीव्हीकडे बघत नव्हती, बापाकडे बघत होती. मग ती कठडा धरून उठली आणि एकेक पायरी चढत वर गेली. दार लावल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

नीलांबरीनं पाहिलं होतं. ती हात पुसत बाहेर आली.

“शंतनू भावोजी, साधे गुरुवार सोडायचे म्हटले तरी आम्ही उद्यापन करतो. मेहुण बोलावतो, जेवू घालतो, ओटी भरतो, मग सोडतो. तुम्ही अख्खा माणूस सोडलात, आणि हातातले चिप्स खाली ठेवले नाहीत.”

“वहिनी, फुटबॉल आहे हो,” शंतनू ओशाळून म्हणाला.

“मला फुटबॉल कळत नाही,” ती म्हणाली. “माझी मुलगी वर गेली, एवढं कळतं.”

विनयचा चेहरा उतरला. त्याला तेव्हा कळलं. पण शब्द जिन्यावरून त्याच्या आधी वर गेला होता.

दुसऱ्या दिवसापासून आरोहीनं व्यायाम सोडला. भांडण नाही, रडणं नाही. नुसतं नाही म्हणायची. विनयनं खूप सांगून पाहिलं. म्हणाला, “अगं, मी गमतीत म्हणालो.” म्हणाला, “दुसरी टीम घेईल बघ त्याला, बोलणी चालू आहेत.”

तिनं फोन त्याच्यासमोर धरला. टीमनं अठ्ठावीसला सोडल्याची बातमी होती. कुणाशी बोलणी असल्याचं कुठंही लिहिलेलं नव्हतं.

“बाबा, डोन्ट,” ती म्हणाली. “यू सेड ही इज डन. यू सेड हिम अँड मी, सेम.”

विनयनं ती बातमी दोनदा वाचली.

मला गॅरेजमधल्या दानाच्या पिशवीत टाकलं गेलं. शेजारी लहान झालेले बूट आणि एक टोस्टर. त्या अंधारात मी बरेच दिवस होते. वरून आवाज यायचे. फिजिओनं सांगितलं होतं की गुडघा वाकतो पण सरळ होत नाही, मांडीतली ताकद जातेय, असंच राहिलं तर पुन्हा कापावं लागेल. नीलांबरी हे फोनवर आपल्या आईला सांगत होती. सांगताना तिचा आवाज पूजेतल्यासारखा शांत होता. पण फोन ठेवल्यावर ती गॅरेजच्या पायरीवर बसून राहिली. तिचे गुरुवार चालूच होते. देवाशी भांडायचा तिचा स्वभाव नाही.

तिथं बसल्या बसल्या तिचं लक्ष पिशवीकडे गेलं. “दान द्यायचं ते धुऊन तरी द्यावं,” असं पुटपुटत तिनं मला बाहेर काढलं. हातानं धुतलं, मागच्या अंगणात वाळत घातलं. माझ्यातला सगळा जुना घाम, जिंकलेले सगळे रविवार, त्या बादलीत गेले. मला वाईट वाटलं, आणि हलकंही.

विनय ऑफिसातून आला. दोरीवर मला पाहून उभा राहिला. मग मला काढून, घडी न घालताच, वर आरोहीच्या खोलीत घेऊन गेला. आरोही जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. तो तिच्यासमोर बसला. बराच वेळ माझी बाही चोळत राहिला.

“मी चुकलो,” तो म्हणाला. “संपला म्हणालो तेव्हा नाही. म्हणजे तेव्हा तर चुकलोच. पण त्याच्या आधी. तुझा पाय त्याच्या पायाला बांधला, तेव्हा.”

तिनं पायाकडे पाहिलं.

“तो परत खेळेल की नाही, मला माहीत नाही. तू खेळशील की नाही, तेही माहीत नाही. आईसारखा विश्वास मला जमत नाही, बेटा. पण गुडघा तुझा आहे. त्याला कुणी ड्राफ्ट करत नाही की सोडत नाही.”

“इट हर्ट्स, बाबा,” ती म्हणाली. मग हळूच मराठीत, “खूप दुखतं.”

“हो गं,” तो म्हणाला.

मग त्यानं मला गुंडाळलं. बायका हंड्याखाली चुंबळ करतात तसं घट्ट, आणि तिच्या उजव्या गुडघ्याखाली सरकवलं. फिजिओनं असंच करायला सांगितलं होतं. खाली गुंडाळी ठेवायची आणि गुडघ्यानं ती दाबायची. आरोहीनं मला पाहिलं, ओळखलं, आणि तोंड फिरवलं. पण पाय काढून घेतला नाही.

तेव्हापासून मी इथं आहे. मला आता कुणी घालत नाही. खाली टीव्हीवर नवा मुलगा पळत असतो, शंतनू ओरडत असतो. आरडाओरडा ऐकला की मी मनातल्या मनात त्या पोराच्या गुडघ्यांसाठी प्रार्थना करते. तेवढं मी नीलांबरीकडून शिकले. तुम्हीही टीमवर माया करा, नव्या मुलाचं कौतुक करा. फक्त जुन्याला निरोप देताना आवाज जरा खाली ठेवा. आपल्याच घरातलं कुणी ते स्वतःबद्दल ऐकत असतं.

आरोही अजून लंगडते. शाळेचा पुढचा हंगाम तिच्याशिवायच सुरू होणार, हे फिजिओनं सांगून टाकलंय. त्या दिवशी नीलांबरीनं तिच्या आवडीचा शिरा केला आणि पोरीनं तो खाल्ला नाही.

काल संध्याकाळी विनय रोजच्यासारखा तिच्यासमोर येऊन बसला.

“त्याला घेतलं का कुणी?” तिनं विचारलं.

“नाही,” विनय म्हणाला. “अजून कुणीच नाही.”

मग तिनं दोन्ही तळवे जमिनीला टेकवले, ओठ मिटले आणि गुडघा खाली दाबला. फार नाही दाबला. पण मी खाली होते. मला कळलं.